दात, संगमरवर आणि आमचे भाऊजी

बबन भाऊजींना जेवायला बोलावलं की ते पानावर बसण्याआधी शर्टाचा खिसा चाचपतात. खिशात चष्म्याची जुनी डबी असते आणि डबीत पीएचच्या कागदी पट्ट्या. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मी राहायला आले तेव्हा चार लोकांना जेवायला बोलावलं होतं. सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या कढीत पट्टी बुडवली, उजेडाकडे धरून रंग पाहिला आणि जाहीर केलं, "कुमुद, दही परवाचं दिसतंय." दही परवाचंच होतं. पण हे सांगायची ती वेळ होती का? माझ्या थोरल्या बहिणीने, अलकाताईने, टेबलाखालून त्यांना चिमटा काढला. त्यावर "चिमटा का काढतेस?" असंही त्यांनी मोठ्याने विचारलं.

असा हा आमचा माणूस. बबन गजभिये, मूळचे उमरेडचे, नोकरीसाठी दिल्लीत आले आणि इथलेच झाले. सगळं आयुष्य सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात गेलं. आता निवृत्त आहेत, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दूधवाल्यावर संशय, आंबेवाल्यावर संशय, लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्यावर संशय. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी फुलांचा फोटो टाकून "सुप्रभात" म्हटलं, तरी ह्याला आपल्याकडून काय हवंय, असा यांना प्रश्न पडतो. नोएडाच्या त्यांच्या टॉवरमध्ये त्यांना "इन्क्वायरी अंकल" म्हणतात. हे त्यांना माहीत आहे आणि मनातून आवडतंही.

संशयाचं हे वेड आकाशातून पडलेलं नाही, एवढं मात्र मी त्यांच्या बाजूने सांगेन. मानेसर-फरिदाबादच्या अंगाला नाल्यांचं पाणी तपासायचं, हे त्यांचं काम. लोखंडावर मुलामा चढवणारे कारखाने आधी ते आम्लात धुतात आणि वापरलेलं आम्ल गुपचूप गटारात सोडतात. पाण्यात आम्ल सापडलं की भाऊजी वाहत्या पाण्याच्या विरुद्ध चालत सुटायचे. एकेका चेंबरचं झाकण उचलायचं, पट्टी बुडवायची, पुढे जायचं. पट्टी लाल येते तोवर चोर अजून पुढे आहे. जिथे ती पहिल्यांदा हिरवी आली, तिथे थांबायचं आणि मागे वळून नुकताच ओलांडलेला कारखाना पाहायचा.

कारखानेवालेही कच्चे नव्हते. साहेब निघाले ही बातमी साहेबांच्या आधी पोचायची आणि गटारात चुन्याची पोती रिकामी व्हायची. आम्लात चुना पडला की दोघांचाही जोर संपतो आणि पट्टी हिरवीगार येते, बरोबर सात. नवखा माणूस "पाणी चांगलं आहे" असं लिहून परत जायचा. भाऊजी मात्र सात आला की जास्तच अस्वस्थ होत. गटाराचं पाणी आणि इतकं सज्जन कसं, असं म्हणत ते आठवड्याने न कळवता पुन्हा तिथेच जायचे.

मला पीएच म्हणजे काय हे त्यांच्यामुळेच कळलं. खरं तर ते मुलीला शिकवत होते, मी समोर मटार सोलत बसले होते. उन्नती तेव्हा दहावीला होती.

"शून्यापासून चौदापर्यंत शिडी आहे असं समज," भाऊजी म्हणाले. "मधोमध सात, म्हणजे शुद्ध पाणी. खालच्या बाजूला आम्लं, वरच्या बाजूला आम्लारी."

"आम्लारी? पप्पा, बेस बोला ना यार."

"बरं, बेस. पण एक पायरी उतरलो म्हणजे थोडंसंच आंबट झालं, असं नसतं. एका पायरीला दहापट. दोन पायऱ्यांना शंभरपट. टमाटा चारच्या आसपास, लिंबू दोनच्या आसपास. आता सांग, टमाट्यापेक्षा लिंबू किती आम्ल?"

"शंभरपट," उन्नती म्हणाली. भाऊजींनी लगेच विचारलं, "कशावरून?" मी सोललेले मटार उचलून आत गेले. त्या घरात बरोबर उत्तराचीही उलटतपासणी व्हायची.

तीच उन्नती आता गुरुग्रामला एका काचेच्या टॉवरमध्ये कन्सल्टिंग कंपनीत आहे. रोज सकाळी कॅब येते. ताई केंद्रीय शाळेत शिकवते आणि तिची बदली जबलपूरला झाल्यापासून नोएडाच्या घरी बापलेकच असतात. मुलीच्या नोकरीचा भाऊजींना केवढा अभिमान! ओळख करून देताना मुलीच्या नावाआधी कंपनीचं नाव येतं. "कसं चाललंय ऑफिस?" असं विचारलं की उन्नती म्हणायची, "बिल्कुल ठीक." रोज तेच उत्तर, त्याच आवाजात. जगातल्या प्रत्येक गोड उत्तरावर संशय घेणाऱ्या माणसाने या एका उत्तरावर कधी घेतला नाही. मला अजूनही याचा राग येतो.

गेल्या हिवाळ्यात तिच्या दातांना थंड लागायला लागलं. ती डेंटिस्टकडे जाऊन आली आणि सांगितलं, ॲसिडमुळे दातांचं वरचं आवरण झिजलंय, कोल्ड्रिंकमुळे होतं असं डॉक्टर म्हणाल्या.

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. "तू कोल्ड्रिंक कधी पितेस?"

"ऑफिसमध्ये."

"कुठलं?"

"पप्पा, प्लीज."

झालं. त्याच संध्याकाळी तपास सुरू झाला. दाताचं आवरण साधारण साडेपाचच्या खाली विरघळू लागतं, कोल्ड्रिंकचं काही पटत नाही, म्हणजे घरात कुठेतरी साडेपाचच्या खालचं काहीतरी रोज तिच्या तोंडात जातंय, असा त्यांचा हिशेब. नळाचं पाणी, टाकीचं पाणी, टूथपेस्ट, चहा, तिची पाण्याची बाटली, आवळ्याची सुपारी, सगळ्याला पट्ट्या लागल्या. फिल्टरचं पाणी सहाच्या थोडं वर आलं तेव्हा फिल्टरवाल्याला बोलावून त्याची हजेरी घेतली. तो बिचारा म्हणाला, "अंकल, सबके घर में इतना ही आता है." ते खरंच होतं. पण "सबके घर में" हे ऐकून भाऊजींना वेगळाच वास आला आणि ते सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाऊन भांडले. सेक्रेटरीने त्यांचा नंबर ब्लॉक केला.

मग त्यांना संगमरवर दिसला.

उन्नतीच्या बाथरूममध्ये बेसिन पांढऱ्या संगमरवरी कट्ट्यात बसवलेलं आहे. घर घेतलं तेव्हा ताईने हट्टाने बसवून घेतलेला कट्टा. त्या कट्ट्याची चमक बेसिनच्या कडेने गेली होती. बोट फिरवलं की खरखरीत लागायचं, बाकीचा कट्टा मात्र गुळगुळीत. मी रविवारी गेले तर त्यांनी मला चहा न देता आधी बाथरूममध्ये नेलं.

"संगमरवर म्हणजे काय, कुमुद? चुन्याचाच भाऊबंद. आम्ल पडलं की फसफसतो आणि झिजतो. दातांसारखंच. इथे कोणीतरी ॲसिड वापरतंय."

"कोण वापरणार?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे नुसती मान वळवली. तिथे मालती भांडी घासत होती.

मालती मूळची बंगालमधल्या माल्दाची. या घरात ती उन्नती कॉलेजात जायला लागल्यापासून काम करत होती. इकडे दारावर संडास साफ करायचं तेजाब, म्हणजे ॲसिडच, विकायला येतात. मालती काम लवकर उरकायला तेच बेसिनमध्ये ओतते, आणि त्याच बेसिनवर उन्नतीचा चूळ भरायचा मग असतो, अशी भाऊजींनी सगळी साखळी जुळवली होती. मी म्हटलं, अहो, तेजाबाचा वास लपतो का? आणि मगात तेजाब असेल तर पोरगी पहिल्या घोटाला ओरडणार नाही का? पण एकदा साखळी जुळली की भाऊजींना तिची कडी निसटलेली चालत नाही.

"मैं सर्फ लगाती हूँ, भैया. सिर्फ सर्फ," मालती म्हणाली.

"फिर पत्थर कैसे खराब हुआ?"

"मुझे क्या मालूम? पत्थर से पूछिए."

तिने खोचलेली ओढणी सोडली, हात पुसले आणि निघून गेली. भाऊजींनी तिला थांबवलं नाही. उन्नती दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती म्हणाली, "पप्पा, मालती दीदीने काही नाही केलंय." त्यांनी विचारलं, "कशावरून?" उन्नती खोलीत निघून गेली. मला वाटलं, मालतीचा लळा आहे म्हणून वाईट वाटलं असेल. मलाही त्या दिवशी एवढंच कळलं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी बाथरूम स्वतः धुवायला लागले. फक्त पाणी आणि फडकं. तपास पुरा करायचा तर संशयित बाहेर काढून पुन्हा नमुना घ्यायला हवा, ही त्यांची कामाची रीत. इथला नळ खाऱ्या पाण्याचा, पट्टी हिरवी येऊन जराशी निळ्याकडे, म्हणजे बेसच्या बाजूला झुकते. उन्नती आंघोळीला जायच्या आधी ते कट्टा कोरडा पुसून येत. ती ऑफिसला गेली की पुन्हा आत जाऊन पाहत. ती सगळं पाण्याने धुऊन ठेवायची, तरी बेसिनमध्ये नळाच्या मागच्या खाचेत एखादा थेंब राहायचाच. त्या थेंबाला लावलेली पट्टी लाल झाली. दुसऱ्या दिवशीही लाल. मालती घरात नव्हती.

शनिवारी त्यांचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाले.

गेले तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि समोर पट्ट्या वाळत पडल्या होत्या. उन्नती मैत्रिणीकडे गेली होती. "कुमुद," ते म्हणाले, "इतकं लाल कशाने होतं माहीत आहे? तेजाब घरात नाही, लिंबू तिथे कोणी नेत नाही. पोटातल्या आम्लाने होतं."

मग जे कुठल्याही बाईच्या मनात येईल ते माझ्या मनात आलं. तरणी पोरगी, सकाळच्या उलट्या. त्यांच्याही मनात येऊन गेलं असावं, कारण माझ्याकडे न बघता ते घाईने म्हणाले, "नाही, ते नाही. दगड असा दोन-तीन महिन्यांत उतरत नाही. दातही नाही. हे वर्षभर तरी चाललंय."

वर्षभर! ते ऐकून मला जास्तच भीती वाटली. वर्षभर पोरगी रोज सकाळी बापापासून दोन भिंतींपलीकडे ओकत होती आणि नळ सोडून आवाज दाबत होती. आणि हा माणूस टाकीचं पाणी तपासत फिरत होता.

"तू विचार तिला," ते म्हणाले. "मी विचारलं तर खोटं बोलेल."

"का बोलेल खोटं? ही सवय तिला कोणी लावली, भाऊजी?"

मी एरवी इतकं टोचून बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले आणि बरं केलं.

रविवारी ते मालतीला शोधत गेले. मीही बरोबर होते. ती पलीकडच्या टॉवरच्या फाटकातून बाहेर पडत होती. भाऊजींनी तिथेच, गार्डसमोर, हात जोडले. "गलती मेरी थी. तुमने कुछ नहीं किया था. वापस आ जाओ." मालतीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. हा माणूस आता आणखी कशात अडकवायला आलाय, असंच तिच्या डोळ्यांत होतं. "काम मिल गया, भैया," ती म्हणाली आणि ई-रिक्षात बसली. ती आजतागायत परत आलेली नाही.

त्या रात्री मी नोएडालाच राहिले. उन्नतीशी बोलायचं म्हणून राहिले होते, पण ती "मावशी, झोप येतेय" म्हणून लवकर खोलीत गेली. सकाळी पाण्याच्या आवाजाने जाग आली. बाथरूमचा नळ पूर्ण सोडलेला होता. मी उठून बाहेर आले तर भाऊजी बंद दारासमोर उभे. एका हाताच्या चिमटीत पट्टी.

नळ बंद झाला, दार उघडलं. उन्नती आधी त्यांच्याकडे पाहत राहिली, मग पट्टीकडे. तिचे डोळे ओले होते, हनुवटीवरून पाणी गळत होतं. ऑफिसचा पांढरा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र, सगळं तयार.

"घ्या," ती म्हणाली आणि बाजूला झाली. "तपासा. सापडला ना चोर? लिहा रिपोर्ट."

भाऊजींचं तोंड उघडलं. मला माहीत होतं आतून काय येणार. कधीपासून, कशामुळे, कोण, कशावरून. उन्नतीलाही माहीत होतं. मार बसायच्या आधी पोरं जशी खांदे आवळून उभी राहतात, तशी ती उभी होती.

"साध्या पाण्याने चूळ भर," भाऊजी म्हणाले. "आणि लगेच ब्रश करू नकोस. आम्लाने दात मऊ झालेले असतात, घासलं की जास्त जातात. थोड्या वेळाने कर."

"काय?"

"चूळ भर, बेटा."

तिने चूळ भरली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, खाली कॅब आली होती. भाऊजींनी हात पुढे केला. तिने का कोण जाणे, फोन त्यांच्या हातात दिला. "भाई, आज सवारी नहीं आएगी," ते ड्रायव्हरला म्हणाले. "हाँ, कैंसल कर दो. माफ करना." मग त्यांनी फोन परत तिच्या हातात दिला, पट्टी मुठीत चुरगळली आणि तिथेच बाथरूमबाहेर खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून हा माणूस कधी जमिनीवर बसत नाही.

उन्नती उंबऱ्यावर बसली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग तीच बोलायला लागली. दीड वर्षापूर्वी चौदा एप्रिलला तिने सुट्टी घेतली होती, आपल्या जयंतीच्या कार्यक्रमाला यायला. दुसऱ्या दिवशी लंच टेबलावर मॅनेजरने विचारलं, "अच्छा, तो तुम वो वाली हो?" सगळे हसले. त्यानंतर रोज काहीतरी. मोठ्या क्लायंटचं काम आलं की "ये मेरिट वालों के लिए छोड़ दो". खाजगी कंपनी, तिथे कसला आलाय कोटा! ही सगळ्यांसारख्याच मुलाखती देऊन लागलेली. पण हसायला कारण थोडंच लागतं? मग मीटिंगला बोलावणं बंद झालं. मग कॅब दोन मिनिटांवर आली की उलटी व्हायला लागली.

"मला का नाही सांगितलंस?" हा प्रश्न मीच विचारला. भाऊजींनी विचारला नव्हता.

"काय सांगणार, मावशी? सातवीत सांगितलं होतं मी, टीचर मला मुद्दाम मागच्या बाकावर बसवते. पप्पांनी पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? 'आधी तू काय केलं होतंस?' मग कोण साक्षीदार, किती वेळा, इतरांनाही बसवते का. बिल्कुल बरोबर प्रश्न होते सगळे. पण मला वाटलं, यार, आता मीच काहीतरी केलंय." ती वडिलांकडे पाहत नव्हती. "आणि तुम्ही सगळ्यांना कंपनीचं नाव सांगत फिरता. कसं सांगू?"

भाऊजींनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. मला त्यांची दया आली आणि तिच्यासाठी रडूही आलं, आणि त्या लंच टेबलावरच्या एकेकाच्या तोंडात तेजाब ओतावंसं वाटलं, हे मी लपवत नाही.

"उद्याही नको जाऊस," ते म्हणाले. "परवाही नको. पुढे काय करायचं ते तू ठरव. कंप्लेंट करायची, सोडायची, तू म्हणशील ते."

"असंच?"

"असंच."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली, अजून काहीतरी येईल म्हणून वाट बघत. काही आलं नाही. मग तिने फोन उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. "मेसेज आहेत माझ्याकडे. लंचच्या ग्रुपमधले. मी सगळे सेव्ह करून ठेवलेत, तुम्ही विचाराल म्हणून. बघा."

भाऊजींनी फोनकडे पाहिलं नाही. हात मांडीखालून काढला आणि तिच्या हातावर ठेवून फोन हळूच खाली केला.

"कशाला? तू सांगितलंस ना."